इग्निशन टायमिंग (प्रीमियर पद्मिनी)

इग्निशन टायमिंग किंवा प्रज्वलनकाल म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या (पिस्टन) नेमक्या कोणत्या स्थितीत असताना स्पार्क प्लगने ठिणगी टाकावी याची निश्चिती. हा काल क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींत तो यांत्रिक डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून ठरवला जातो. आधुनिक मोटारींत हे काम संगणकीय नियंत्रक करतो.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० मालिकेतील मोटारी तयार होत. १९७४ पासून ही मोटार प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन १,०८९ घन सेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे व कार्ब्युरेटरवर चालणारे होते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अनेक दशके धावली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. खाजगी मालकांकडे मात्र अनेक पद्मिनी आजही चालू स्थितीत आहेत.

तत्त्व

ठिणगी पडताच सर्व इंधनमिश्रण एकदम जळत नाही. ज्वाला प्लगपासून पसरत जाते व त्यास साधारण २ मिलिसेकंद लागतात. सिलिंडरमधील दाब दट्ट्या सर्वोच्च स्थिती ओलांडून सुमारे १० ते २० अंश खाली आल्यावर कमाल झाला, तर सर्वाधिक उपयुक्त कार्य मिळते. यासाठी ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच टाकावी लागते. या आगाऊपणास ‘ॲडव्हान्स’ म्हणतात. ठिणगी उशिरा पडल्यास टायमिंग ‘रिटार्ड’ आहे असे म्हणतात.

इंजिनाचा वेग मिनिटाला ८०० फेरे असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो. ३,००० फेऱ्यांना तो तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. ज्वलनाचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नसल्याने वेगाबरोबर ॲडव्हान्स वाढवावा लागतो. डिस्ट्रिब्युटरमधील स्प्रिंगला जोडलेली वजने केंद्रोत्सारी बलाने बाहेर सरकतात व हे काम आपोआप करतात. वजने गंजून अडकली किंवा स्प्रिंग ढिली पडली, तर मंद वेगावर अचूक बसवलेले टायमिंगही वेग वाढताच चुकते.

व्हॉल्व्हचे टायमिंग

या इंजिनातील कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो व डिस्ट्रिब्युटरला त्याच्याकडूनच गती मिळते. टायमिंग चेन बसवताना दोन्ही दातेरी चाकांवरील खुणा जुळवाव्या लागतात. एका दात्याची चूकही व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या वेळा बदलते. जुनी चेन लांबली की व्हॉल्व्ह आणि ठिणगी दोन्ही उशिरा होतात. डिस्ट्रिब्युटर फिरवून यातील ठिणगीचा दोष दूर होतो. व्हॉल्व्हचा दोष मात्र तसाच राहतो. म्हणून वारंवार टायमिंग बसवूनही ओढ कमी वाटणाऱ्या इंजिनात चेन तपासली जाते.

टायमिंग बसवण्याची पद्धत

प्रथम कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट फीलर गेजने ठरवतात. अशा डिस्ट्रिब्युटरांत ती साधारणतः ०.४ ते ०.५ मिमी असते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात व टायमिंग पुढे सरकते. पॉइंटची टाच झिजून फट कमी झाली की ते मागे पडते. टायमिंग आधी बसवून फट नंतर बदलल्यास पहिले काम वाया जाते.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून, छिद्रावर बोट ठेवून इंजिन हळूहळू फिरवतात. हवेचा दाब बोटाला जाणवला की तो दट्ट्या संपीडनाच्या फेरीत वर येत असतो. पुलीवरील खूण निर्मात्याच्या पुस्तिकेतील अंशावर आणली जाते. याच वेळी रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरकडे असावे लागते. उरलेल्या वायरी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने १-३-४-२ या क्रमाने जोडल्या जातात.

यानंतर १२ व्होल्टचा दिवा डिस्ट्रिब्युटरच्या कमी दाबाच्या जोडणीस व इंजिनाच्या धातूस जोडून इग्निशन चालू करतात. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो व उघडताच लागतो. तो लागण्याच्या क्षणी डिस्ट्रिब्युटर घट्ट केला जातो. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेने फिरवल्यास ॲडव्हान्स वाढतो. त्याचा १ अंश क्रँकशाफ्टच्या २ अंशांएवढा असल्याने अगदी थोडा बदलही परिणामकारक ठरतो. शेवटी स्ट्रोब दिव्याच्या साहाय्याने चालू इंजिनावर पडताळणी केली जाते.

चुकीच्या टायमिंगचे परिणाम

ॲडव्हान्स जास्त झाल्यास चढावर किंवा वरच्या गियरमध्ये भार पडताच इंजिनातून खडखड ऐकू येते. यास ‘नॉकिंग’ म्हणतात. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णतेने एकाएकी पेटल्यामुळे हा आवाज होतो. तो दुर्लक्षित राहिल्यास दट्ट्या वितळून छिद्र पडू शकते किंवा हेड गॅस्केट जाते. हँडल मारून इंजिन सुरू करताना अति ॲडव्हान्समुळे हँडल उलटा झटका देते व त्याने मनगट मोडू शकते. म्हणूनच हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवण्याची प्रथा आहे.

टायमिंग रिटार्ड झाल्यास आवाज होत नाही, त्यामुळे दोष लवकर लक्षात येत नाही. मिश्रण उशिरापर्यंत जळत राहिल्याने ओढ कमी होते, पेट्रोल अधिक लागते, एक्झॉस्ट तापतो व उन्हाळ्यात इंजिन गरम होण्याचे प्रमाण वाढते. रेडिएटर दुरुस्त करूनही इंजिन तापत असल्यास हे कारण पडताळले जाते.

इंधनातील बदल

मुंबईतील बहुसंख्य पद्मिनी टॅक्सी पुढे सीएनजीवर धावल्या. सीएनजीची ज्वाला पेट्रोलपेक्षा मंद पसरते, पण त्याचा नॉकिंगला विरोध अधिक असतो. त्यामुळे त्यास जास्त ॲडव्हान्स लागतो. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारीत हाताने बसवलेले एकच टायमिंग तडजोडीचे ठरते. सीएनजीला अनुकूल ॲडव्हान्स पेट्रोलवर नॉकिंग घडवू शकतो.

२० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा ऑक्टेन अंक अधिक असला, तरी जुन्या कार्ब्युरेटरमध्ये त्याचे मिश्रण विरळ होते. अशा वेळी टायमिंग बदलण्यापूर्वी जेट व रबरी नळ्या तपासणे आवश्यक असते.

जतन

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. १९७४ च्या पद्मिनी मोटारींनी आता ही मर्यादा गाठली आहे. पॉइंट व डिस्ट्रिब्युटरचे काम जाणणारे कारागीर कमी होत असल्याने काही मालक इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात. त्याने पॉइंटची झीज टळते, मात्र सुरुवातीचे टायमिंग तेव्हाही हातानेच बसवावे लागते.

हे सुद्धा पहा

- प्रीमियर ऑटोमोबाइल्स
- अंतर्ज्वलन इंजिन
- डिस्ट्रिब्युटर
- कार्ब्युरेटर
- काळी-पिवळी टॅक्सी