सगळा गर सालीत

एक गोलमटोल कलिंगड घ्या आणि त्रिज्येच्या एक टक्का जाडीची साल सोलून टाका. जेमतेम तीन टक्के ऐवज जाईल. कलिंगड शंभर मितींचे असेल, तर तेवढ्याच सालीबरोबर 63 टक्के जातो; पाचशे मितींचे असेल, तर आत खायला एक टक्काही उरत नाही. हिशेब शाळकरी आहे: 0.99 चा शंभरावा घात काढा, की झाले.

अनेक मितींच्या गोलाचा पद्धतशीर अभ्यास स्वित्झर्लंडच्या लुडविग श्लेफ्ली यांनी 1850 च्या सुमारास केला. व्हिएन्नाच्या अकादमीने त्यावरचा त्यांचा ग्रंथ फार लांबलचक म्हणून नाकारला. संपूर्ण छापून आला 1901 मध्ये. तोवर श्लेफ्ली हयात नव्हते.

पण घनफळ सालीत जाते याचा काही उपयोग असतो, हे कळायला रने गातो हा फ्रेंच तरुण यावा लागला. ज्या अवकाशातला एकेक बिंदू म्हणजे अख्खे फलन, तिथे सरासरी काढायची कशी, हा त्याचा प्रश्न. त्याने फलनाचे n तुकडे केले, n मितींच्या गोलावर सरासरी घेतली आणि n वाढवत नेला. ऑक्टोबर 1914 मध्ये तो आघाडीवर मारला गेला, वयाच्या पंचविशीत. मागे राहिलेले कागद गणिती आदामार यांनी पॉल लेवी यांच्याकडे सोपवले. संपादनाचे काम म्हणून हाती आलेल्या त्या बाडातून लेवींना जे दिसले, ते त्यांच्या 1922 च्या पुस्तकात आहे. घनफळ पृष्ठालगत जमते हे खरेच. शिवाय पृष्ठावर कोणतेही विषुववृत्त आखा, जवळपास सगळे क्षेत्रफळ त्याच्याच आजूबाजूला सापडते. म्हणून सावकाश बदलणारे फलन अशा गोलावर बहुतेक ठिकाणी एकाच किमतीला चिकटून राहते, आणि गातोच्या सरासरीला अर्थ येतो.

संख्याशास्त्रात मात्र हीच गोष्ट बदनाम झाली. 1957 मध्ये रिचर्ड बेलमन यांनी ‘मितींचा शाप’ म्हटले, तेव्हा त्यांच्यासमोर गणनेचा खर्च होता: एका अक्षावर शंभर ठिकाणी मोजायचे, तर दहा अक्षांवर शंभराचा दहावा घात. संख्याशास्त्राची तक्रार त्याच शापाची दुसरी बाजू: विदेचे बिंदू इतके विरळ पसरतात, की जवळचा शेजारी आणि लांबचा परका यांत फरकच उरत नाही. तक्रार रास्त आहे, पण एकांगी. 1971 मध्ये विताली मिल्मन यांनी लेवींचेच निरीक्षण हाती धरून द्वोरेत्स्कींच्या प्रमेयाची नवी सिद्धता दिली: बहिर्वक्र आकृती कितीही कोनाकोपऱ्यांची असो, मिती पुरेशा असल्या की तिचा एखादा छेद जवळजवळ गोल निघतोच.