बंदुकीची दारू

बंदुकीची दारू (काळी बारूद) हे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण असून ते ज्ञात स्फोटकांपैकी सर्वांत जुने आहे. सोऱ्यातून (पोटॅशियम नायट्रेट) ज्वलनासाठी ऑक्सिजन मिळतो, कोळसा हे इंधन असते, तर गंधकामुळे मिश्रण कमी तापमानाला पेट घेते. नवव्या शतकाच्या सुमारास या मिश्रणाचा शोध चीनमध्ये लागला.

निर्मिती व प्रतवारी

सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० टक्के हे पुढे रूढ झालेले प्रमाण होय. आरंभीची दारू कोरड्या भुकटीच्या स्वरूपात असे. वाहतुकीतील हादऱ्यांनी तिचे घटक विलग होत व ती ओलही लवकर धरी. पंधराव्या शतकात युरोपात दारू ओली करून तिचे दाणे पाडण्याची पद्धत रूढ झाली. हे दाणे सुकवून चाळण्यांनी त्यांची प्रतवारी केली जाई. दाणा जितका बारीक, तितके एकूण पृष्ठफळ अधिक व ज्वलन जलद. त्यामुळे बारीक दाणा बंदुकांसाठी, तर जाड दाणा तोफांसाठी वापरत. मोठ्या तोफेत बारीक दारू भरल्यास नळी फुटण्याचा धोका असे.

भारतातील इतिहास

रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, दारू तळघरात साठवावी, तिला सरदी लागू देऊ नये आणि आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, असे नियम आढळतात. ब्रिटिशांनी १७८७ मध्ये बंगालमधील इशापूर येथे दारूचा कारखाना स्थापला. तेथे १७९१ पासून उत्पादन सुरू झाले. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली आणि त्यानंतर काळ्या दारूचा लष्करी वापर घटत गेला.

नियमन आणि नागपूर

भारतात स्फोटकांचे नियमन १८८४ च्या स्फोटक अधिनियमान्वये होते. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. स्फोटक नियम, २००८ मध्ये बंदुकीच्या दारूला पहिला वर्ग, तर फटाक्यांना सातवा वर्ग दिला आहे. नागपूर परिसरात स्फोटकांचे अनेक कारखाने आहेत. १३ जून २०२४ रोजी शहराजवळील धामणा येथील अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन महिलांसह अनेक कामगार मृत्युमुखी पडले. आज काळी दारू मुख्यतः फटाके व सुरुंगाच्या वातींसाठी वापरली जाते. दगडाच्या काही खाणींतही ती वापरतात, कारण तिच्या संथ दाबाने दगडाचा चुरा न होता मोठे ठोकळे सुटे होतात.