दाताभोवतीची पांढरी रेघ

दाताचा एक्स-रे काढला की आपण एकच गोष्ट बघतो: कीड कुठवर गेली? डॉक्टर पेनाच्या टोकाने काळा डाग दाखवतात, रूट कॅनालचा खर्च सांगतात आणि तो फोटो घरी येऊन कपाटात पडतो. पण त्याच फोटोत हाडांचाही हिशोब असतो. तो वाचायला माणसाला बराच वेळ लागला, त्याची ही गोष्ट.

राँटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ साली. लगेच जानेवारी १८९६ मध्ये ऑटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो घेतला. त्यासाठी बिचारा २५ मिनिटं तोंडात काच धरून निपचित पडून होता!

अशा फोटोत दाताच्या मुळाभोवती एक बारीक पांढरी रेघ दिसते. तिचं नाव लॅमिना ड्यूरा. दात ज्या खोबणीत बसतो, तिची ही भिंत. काही रोग्यांत ती पुसट होते, कधी गायबच. दात मात्र ठणठणीत. असं का?

उत्तर मानेत आहे. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्यांचं संप्रेरक ते हाडांतून काढून आणतं. ग्रंथीत गाठ झाली की गरज नसतानाही ही उचल चालूच राहते. दातातलं कॅल्शियम असं काढता येत नाही, जबड्याच्या हाडातलं येतं. म्हणून दात राहतो आणि भिंत जाते.

पूर्वी डॉक्टरांना उलटं वाटायचं: हाडं खराब झाली म्हणून ग्रंथी वाढली. व्हिएन्नाच्या फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरला आधी आणखी ग्रंथी बसवून पाहिली. उपयोग शून्य. मग १९२५ मध्ये त्याची गाठच काढली, आणि तो सुधारला.

अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाचं नशीब एवढं नव्हतं. दुखणं सुरू झालं १९१८ च्या सुमारास, निदान १९२६ ला. तोवर सहा फुटांहून उंच असलेला हा गडी सुमारे सात इंचांनी खुजा झाला होता. सात शस्त्रक्रिया झाल्या. गाठ अखेर १९३२ मध्ये सापडली, तीही मानेत नव्हे, छातीत. पुढे काही आठवड्यांतच मुतखड्याच्या त्रासातून तो गेला.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या बॉस्टनच्या रुग्णालयातलेच फुलर ऑलब्राइट. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं विरळ होतात, हा संबंध त्यांनी १९४० च्या आसपास मांडला. हे तर आपल्या घराघरातलं! आता संपूर्ण जबड्याच्या फोटोत, म्हणजे ओपीजीत, खालच्या जबड्याच्या कडेची जाडी मोजता येते. ती ३ मिलिमीटरहून कमी भरली तर हाडांची घनता तपासावी, असं युरोपातल्या संशोधकांनी सुचवलं आहे.

अर्थात फोटो निदान करत नाही, शंका देतो. रेघ शाबूत असूनही रोग असू शकतो. निकाल रक्ततपासणीचा आणि डेक्साचा. पण कप्तानाची आठ वर्षं आठवली की वाटतं, वेळेवर आलेली शंका ही काही लहान गोष्ट नाही.

तेव्हा मावश्यांनो, आत्यांनो, पुढच्या वेळी ओपीजी काढाल तेव्हा दाताबरोबर एवढंही विचारा: "डॉक्टर, हाड कसं दिसतंय?" त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.