सभाभय

लोकांसमोर बोलताना किंवा काही करून दाखवताना वाटणारी तीव्र भीती. छातीत धडधड, घशाला कोरड, हातापायांना कंप आणि पाठ केलेले ऐन वेळी न आठवणे ही नेहमीची लक्षणे. बोलीभाषेत ‘स्टेज फियर’. उलट गुण तो सभाधीटपणा. तीव्र व दीर्घकाळ टिकणारे सभाभय सामाजिक चिंताविकारात मोडते; मात्र साधी धास्ती कोठे संपते आणि विकार कोठे सुरू होतो, याबद्दल मतभेद आहेत.

संवेदनातील विपर्यास : मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, घाबरलेल्या वक्त्याचे लक्ष श्रोत्यांवरून उडून स्वतःकडे वळते. आत जे जाणवते तेच बाहेर दिसत असणार, असे तो धरून चालतो. बोटांचा बारीक कंप शेवटच्या रांगेतूनही दिसत असेल, असे त्याला वाटते. श्रोत्यांकडे धड पाहिलेलेच नसल्याने हा समज खोडणारा पुरावाही त्याच्या हाती लागत नाही.

गांधीजींच्या आत्मकथेत याचे ठळक उदाहरण आहे. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांनी मामीबाई नावाच्या पक्षकाराचा पहिला खटला घेतला. उलटतपासणीला उभे राहताच त्यांचे डोके गरगरले, प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि तीस रुपये फी परत केली. न्यायाधीश हसले असतील, वकिलांना मौज वाटली असेल, असे ते लिहितात. आणि लगेच, आपल्याला त्या वेळी काही दिसतच नव्हते, हेही नोंदवतात. म्हणजे हसणारे चेहरे पाहिलेले नव्हते, गृहीत धरलेले होते. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे त्यांनी भाषण केले, ते मात्र नीट पार पडले.

असे गृहीतक सभेपुरते नसते. टॉमस गिलोविच व सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले (२०००). खोलीतील निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच तो लक्षात आला.

आत्मविश्वासाची पुनःप्राप्ती : या बाबतीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचे कार्य मूलगामी होय. तरुणपणी त्यांना भाषणाची विलक्षण धास्ती होती. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांच्या भीतीवरील प्रयोगांविषयी वाचून त्यांनी एका राजकीय गटासाठी मुद्दाम वारंवार भाषणे केली आणि भीती घालवली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात बाकांवर बसलेल्या शंभरावर अनोळखी स्त्रियांशी ते आपणहून बोलले. एकीनेच भेटण्याचे कबूल केले. तीही आली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले. १९५५ च्या सुमारास त्यांनी उभारलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत ‘लोकांनी मला हसताच कामा नये’ हा हट्ट तपासून ‘हसू नये असे वाटते, पण हसले तरी मी तग धरेन’ येथवर आणले जाते. मराठीत अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकाने, तसेच ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने या विचाराचा परिचय करून दिला.

क्लार्क यांच्या पद्धतीत भाषणाचे चित्रीकरण दाखवतात. आधी ‘काय दिसेल’ ते वक्त्याकडून तपशिलात वदवून घेतात, मग परक्या माणसाकडे पाहावे तसे स्वतःकडे पाहायला सांगतात. कागद घट्ट धरणे, भराभर वाचून टाकणे, नजर चुकवणे हे बचावाचे उपायही एकेक करून सोडावे लागतात. नाहीतर भाषण निभावल्याचे श्रेय त्यांनाच जाते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांच्या मते स्वसामर्थ्यावरील विश्वासाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे प्रत्यक्ष जमल्याचा अनुभव. दुसऱ्यांनी दिलेला धीर त्यामानाने दुबळा.

औषधोपचार : प्रसंगापुरता कंप व धडधड कमी करण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोप्रॅनोलॉल दिले जाते, दम्याच्या रुग्णांना ते वर्ज्य.