सुमरासरचं रुखवत

कच्छच्या रणोत्सवाला जाणारी मराठी सहल भुजजवळच्या भुजोडीला हमखास थांबते. तासाभराची खरेदी होते. आरशांच्या पिशव्या, तोरणं, उशांचे अभ्रे. दुकानात मागे कुठेतरी एखादा मोठा भरजरी दिसणारा पडदा भिंतीला टांगलेला असतो. जवळ जाऊन पाहिलं तर ते सलग भरतकाम नसतं. कुणाच्या चोळीची पाठ, कुणाच्या घागऱ्याचा काठ, एखाद्या पिशवीचं तोंड असे तुकडे कापून एकमेकांना जोडलेले असतात. कुणा तरी मुलीचं रुखवत मोडून तो पडदा झालेला असतो. 'कला रक्षा' या संस्थेची वाटचाल सांगायची तर सुरुवात या तुकड्यांपासून करावी लागते.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्य सिंधमधल्या थरपारकर जिल्ह्यात शिरलं. सिमला करारानंतर तो मुलूख पाकिस्तानला परत गेला. पण तिथली हजारो हिंदू माणसं सीमा ओलांडून आली ती परतली नाहीत. त्यांत सोढा राजपूत होते, मारू मेघवाळ होते. काही राजस्थानात राहिले, काही कच्छमध्ये. झुरा कॅम्प ही त्यांची वस्ती अजून 'कॅम्प' म्हणूनच ओळखली जाते. सुमरासर शेख हे त्याच बाजूचं गाव, भुजच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर.

जमीन तिकडेच राहिली. बायकांबरोबर आलं ते लग्नासाठी भरलेलं कापड आणि बोटांत बसलेले टाके. खारेक, पक्को, सुफ ही त्यांची नावं. खारेक म्हणजे आपली खारीकच. टाक्यांच्या पट्ट्या खारकांसारख्या शेजारी शेजारी दिसतात म्हणून. पक्को म्हणजे पक्का, दाट आणि घट्ट भरलेला. सुफ मात्र पाहणाऱ्याला चकवतं. त्याला आधी रेखाटन नाही, छाप नाही. बाई कापडाचे उभे-आडवे धागे मोजत, उलट्या बाजूने टाका घालत जाते आणि सुलट बाजूला त्रिकोणांचे मोर नि फुलं उमटतात. मोजणी एका धाग्याने चुकली की सगळी ओळ वाकडी. या बायकांना निरक्षर म्हणून मोजलं जायचं, हे इथे सांगून ठेवतो.

हे काम विकायचं नव्हतंच. मुलीने ते स्वतःच्या सासरी न्यायचं. पण नव्या जागी, दुष्काळाच्या वर्षांत, पोटासाठी आधी विकलं गेलं ते हेच. व्यापारी गाठोडी घेऊन गेले आणि त्यांचे पडदे झाले. जुना माल संपत आला तसं नवं काम नगावर मिळू लागलं. कापड व्यापाऱ्याचं, रंग व्यापाऱ्याचे, नक्षीही त्याचीच. सोढा बायका पडदा पाळणाऱ्या. घरबसल्या चार पैसे येतात म्हणून त्यांनी ते धरलं. मजुरी थोडी होतीच. पण मला त्याहून वाईट वाटतं ते हे, की मोराची मान कुठे वळवायची हे ठरवणाऱ्या बाईकडून ते ठरवणंच काढून घेतलं गेलं.

ज्युडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक रबारी या पशुपालक समाजाच्या भरतकामाच्या अभ्यासासाठी कच्छमध्ये येत होत्या. पुढे १९९५ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तकही आलं. सुमरासरचे प्रकाश भानाणी आणि त्यांनी मिळून १९९३ मध्ये कला रक्षा ट्रस्ट स्थापन केला. सुफ भरणाऱ्या बायका ही त्याची पहिली माणसं. हळूहळू रबारी आणि इतर समाजांच्या बायका आल्या. कामाचा मोबदला ठरवताना कारागीर बायकांचं मत घ्यायचं, हा रिवाज संस्थेने पाडला. एका सुफच्या फुलाला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

दुसरं काम संग्रहालयाचं. शहरातल्या लोकांनी यावं, तिकीट काढावं, असा त्यामागचा हेतू नव्हता. घरातलं जुनं काम विकून बसलेल्या गावात नव्या मुलींनी पाहायचं काय? म्हणून जुने नमुने मिळवून गावातच ठेवले. बायका यायच्या, आजीच्या काळची घागऱ्याची पट्टी हातात घेऊन उलटवून पाहायच्या. उलटी बाजू पाहिल्याशिवाय सुफ कळत नाही, आणि काचेमागे ती दिसत नाही.

डोळ्यांचा प्रश्न वेगळाच. धागे मोजण्याचं काम चाळिशी उलटली की अवघड होतं. अशा बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडण्याकडे वळायच्या. आपल्याकडे लुगड्यांची गोधडी होते तशी कच्छमध्ये धडकी. संस्थेने या कामालाही दर दिला, आणि मग त्यात चित्रं आली. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भूकंपाने भुज, भचाऊ, अंजार उद्ध्वस्त केलं. त्यानंतर काही बायकांनी पडलेली घरं आणि पळणारी माणसं तुकड्यांतून कापडावर मांडली. वापरलेल्या कापडाचा असा उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

२००५ मध्ये मुंद्रा तालुक्यात कला रक्षा विद्यालय सुरू झालं. कारागिरांसाठी डिझाइनची शाळा. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांची सहा सत्रं: रंग, रचना, बाजार, संकल्पना, संग्रह, मांडणी. बायकांचे वर्ग वेगळे, म्हणजे घरून परवानगी मिळायची. दोन आठवडे घराबाहेर राहायचं तर चूल कोण सांभाळणार, हा खरा अडथळा होता, वहीपेन्सिल नव्हे.

विद्यालयाच्या आधीची एक गोष्ट सांगायलाच हवी. रबारींमधल्या ढेबरिया गटाच्या पंचांनी १९९५ मध्ये भरतकाम घालण्यावरच बंदी आणली. कारण रुखवत पुरं होईपर्यंत मुलगी सासरी जात नसे, आणि ते पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागत. बायकांनी भांडण केलं नाही. बाजारातल्या तयार लेसा, फिती आणल्या आणि शिलाई मशीनवर शिवायला लागल्या. त्याला 'हरी-जरी' म्हणतात. भद्रोईच्या पाबीबेन रबारी यांनी त्यावरच स्वतःच्या नावाचा व्यवसाय उभारला. बंदी घालणाऱ्यांना हे अपेक्षित नसावं.

२०१४ मध्ये फ्रेटर बाहेर पडल्या आणि आदिपूरला, मुंबईच्या सोमैया परिवाराच्या आधाराने 'सोमैया कला विद्या' सुरू झाली. संस्था फुटतात तेव्हा कारागिराला कुठली बाजू घ्यावी हे कळत नाही. त्यावर मी इथे निवाडा करणार नाही. शिकवण्याची पद्धत दोन्हीकडे तीच राहिली. तुकडे जोडण्याचं असं काम इतरत्रही दिसतं: कुकम्याला 'खमीर' संस्थेत बायका प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, कात्रीने पट्ट्या कापून देतात आणि त्या हातमागावर विणल्या जातात. कपड्याच्या चिंधीचा हिशोब प्लास्टिकलाही लागू पडला.

पुढच्या वेळी रणोत्सवाला जाल तेव्हा वाट थोडी वाकडी करून सुमरासरला जा. घासाघीस करू नका. वस्तू उलटी करून पाहा, आणि नक्षी कुणी काढली ते विचारा. तिथे उत्तर मिळतं.