ठाण मांडून बसलेला दुकानदार

इंग्रजीच्या शिक्षकांची पुष्कळ लाल शाई ज्या जोड्यांवर खर्ची पडली, त्यांतली एक म्हणजे दोन ‘स्टेशनरी’. एक जागची न हलणारी, दुसरी वह्या-पाकिटांची. उच्चार तोच, स्पेलिंगमध्ये शेवटून तिसरं अक्षर तेवढं वेगळं. न हलणारीत ‘ए’, वह्यांच्यात ‘ई’. एन्व्हलपचा ‘ई’ लक्षात ठेवा, असं मुलांना सांगतात. युक्ती चालते, पण या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे त्यातून कळत नाही.

लॅटिनमधलं ‘स्तारे’, म्हणजे उभं राहणं, हे आपल्या ‘स्था’ धातूचं नातलग. त्यावरून ‘स्तातिओ’, म्हणजे ठाणं. मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते खूप. पण बोलोन्या, पॅरिस इथल्या विद्यापीठांच्या आसऱ्याने पुस्तकवाले एका जागी ठाण मांडून बसले, आणि ‘स्तातिओनारिउस’ हे नाव मुख्यतः त्यांनाच चिकटलं.

त्यांचा धंदाही मोठा डोकेबाज. छपाई यायची होती. विद्यापीठाने मान्य केलेली मूळ प्रत ते न बांधता सुट्या भागांत ठेवत आणि एकेक भाग भाड्याने देत. विद्यार्थी किंवा लेखनिक तो उतरवून घेई, परत करी, पुढचा नेई. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या अनेक नकला एकाच वेळी चालत. भाड्याचे दर विद्यापीठ ठरवी. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या फेरीवाल्याला हे जमणारच नव्हतं.

लंडनमध्ये १४०३ साली लेखनिक, पुस्तकं सजवणारे, बांधणारे आणि विकणारे यांचा संघ झाला. पुढे त्याचंच नाव स्टेशनर्स कंपनी. १५५७ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि इंग्लंडातली छपाई जवळपास तिच्या सभासदांच्याच मुठीत गेली. पुस्तक छापण्याचा हक्क कोणाचा, हे कंपनीच्या नोंदवहीवरून ठरे. १६२३ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह निघाला, तेव्हा आधी न नोंदलेल्या सोळा नाटकांची नोंद याच वहीत झाली. लेखकाच्या नावाने हक्क सांगणारा कायदा आला तो १७१० मध्ये.

हळूहळू पुस्तकं प्रकाशकांकडे गेली. स्टेशनरकडे उरले कागद, शाई आणि पिसांच्या लेखण्या. ग्रोसरचा माल जशी ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी; तो ‘ई’ दुकानदाराच्या नावातूनच आलेला. तरी बराच काळ दोन्ही स्पेलिंगं एकमेकांच्या जागी खुशाल वापरली जात, आणि वापरणारे काही अडाणी नव्हते.

मुंबईत चर्नी रोडला सरकारी पुस्तकं मिळतात. तिथल्या संचालनालयाच्या नावात मुद्रण, लेखनसामग्री आणि प्रकाशन हे तिन्ही शब्द आजही शेजारी शेजारी आहेत.