तांड्याचा पहारेकरी

इतिहास लिहिताना राजे, लढाया आणि तह यांची नोंद काळजीने होते. परंतु त्या राजांच्या फौजांना धान्य कोणी पोहोचविले आणि त्या धान्याच्या गोण्यांवर रात्रभर पहारा कोणी केला, याची विचारपूस क्वचितच होते. वैनगंगेच्या खोऱ्यापुरते पाहिले तर या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे तांडा. धान्य वाहिले ते बंजाऱ्यांच्या बैलांनी, आणि पहारा केला तो त्यांच्या कुत्र्यांनी.

आगगाडी येण्यापूर्वी छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू नागपूरकडे येई तो बैलांच्या पाठीवरून. वाट देवरी, साकोली, भंडारा अशी. देवरी आज गोंदिया जिल्ह्यात मोडते; परंतु १९९९ पर्यंत हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच होता. परतताना हेच बैल मीठ घेऊन जात. फौजांनाही या लोकांवाचून गत्यंतर नसे. १८०३ साली आर्थर वेलस्ली नागपूरकर भोसल्यांवर चालून गेला, तेव्हा त्याच्या छावणीचा दाणागोटा मोठ्या अंशी बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होता.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांधलेल्या तलावांमुळे शेकडो जनावरांना पाणी मिळे आणि तांड्यास मुक्कामाची सोय होई. पाठीवरच्या गोण्या उतरवून रचून ठेवायच्या, जनावरे जवळ बांधायची, आणि दिवसभर चाललेली माणसे निजली की सारा भरवसा कुत्र्यांवर टाकायचा. एका बाजूला वाघ-बिबळ्यांचे रान, दुसऱ्या बाजूला लुटारूंचे भय. अशा स्थितीत निजणारा कुत्रा कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बंजाऱ्यांच्या रीतिरिवाजांबरोबर त्यांच्या कुत्र्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नव्हे.

या कुत्र्याची एक कथा त्याच वाटेवर पुढे, छत्तीसगडात सांगितली जाते. बालोद जिल्ह्यातील खपरी गावी कुकुरदेवाचे जुने देऊळ आहे. कथा अशी की, एका बंजाऱ्यास कर्ज फेडता येईना, म्हणून त्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात दडविला, तो कुत्र्याने पाहिला आणि सकाळी धन्यास ओढत नेऊन जागा दाखविली. सावकाराने प्रसन्न होऊन ‘कर्ज फिटले’ अशी चिठ्ठी लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्यास मोकळे केले. कुत्रा आनंदाने धावत जुन्या धन्याकडे आला. बंजाऱ्यास वाटले, हा वचन मोडून पळून आला. रागाच्या भरात त्याने कुत्र्यास ठार केले, आणि मग गळ्यातली चिठ्ठी त्याच्या दृष्टीस पडली. पश्चात्तापाने त्याने तेथे समाधी बांधली, असे लोक सांगतात.

कथा खरी की कल्पित, हा वाद येथे गौण आहे. गहाण ठेवावी इतकी किंमत त्या समाजात कुत्र्यास होती, एवढे तीवरून दिसते. आणि ही किंमत निवडीतून आलेली होती. पहाऱ्यात चुकणारा कुत्रा तांड्यात टिकत नसे. चांगला निघाला त्याचीच पिल्ले हौसेने वाढविली जात. तांडा सतत फिरता असल्यामुळे गावकुत्र्यांशी संकरही बेताचाच होई. शास्त्राचे नाव न घेता, केवळ गरजेपोटी, एक जात घडत होती.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे पक्की सडक झाली, गाड्या धावू लागल्या, आणि १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूरहून निघालेला लोहमार्ग भंडाऱ्याच्या मुलुखातून राजनांदगावपर्यंत पोहोचला. बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. बंजारे शेतीकडे आणि मजुरीकडे वळले, तांडा एका जागी स्थिरावला. कुत्र्याचे कामही गेले आणि त्याचे वेगळेपण राखणारा प्रवासही गेला. त्याला कोणी मारले नाही. नदीचे पाणी समुद्रात मिसळावे तसा तो गावकुत्र्यांत मिसळत गेला.

नवल असे की, ज्या आगगाडीने येथे तांडा मोडला, तिनेच इंग्लंडात कुत्र्यांची प्रदर्शने भरविणे सोपे केले. दूरदूरची जनावरे एका दिवसात एका गावी आणता येऊ लागली. १८५९ साली न्यूकॅसल येथे असे प्रदर्शन भरले, १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली वंशावळ-वही छापली गेली. अशा मंडळांचे काम म्हणजे श्रीमंतांची करमणूक, असा समज आपल्याकडे आहे. तो अपुरा आहे. जातीचे लक्षण ठरविणे, आई-बाप लिहून ठेवणे, प्रदर्शनात दात, छाती आणि चाल पारखणे, आज्ञापालनाच्या, वासाच्या आणि धावण्याच्या परीक्षा घेणे, ही कामे पूर्वी तांडा आपसूक करीत असे. तांडा गेल्यावर ती कोणीतरी जाणूनबुजून करावी लागतात.

दक्षिणेत ती काही अंशी झाली. लांब निमुळते डोके, खोल छाती आणि आत ओढलेले पोट असा तेथील चपळ शिकारी कुत्रा ‘कारवानी’ म्हणून ओळखला जातो. नावातच कारवान आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यास आश्रय दिला, आणि त्यांनी या जातीची जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस भेट दिल्याचे सांगतात. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी नाव उरले. डब्ल्यू. व्ही. सोमण यांचा भारतीय कुत्र्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९६३ साली मुंबईस प्रसिद्ध झाला. २००५ साली मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे संशोधन केंद्र उभे राहिले आणि २०१६ साली काही पिल्ले मीरतला लष्करी शिक्षणासाठी गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये तर पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनच देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन केले. आजही एक राष्ट्रीय मंडळ या कुत्र्यास ‘कॅरव्हॅन’ म्हणते, तर दुसरे ‘मुधोळ’. नावाचा तंटा मिटला नाही. परंतु ज्याच्या नावावरून दोन मंडळे भांडतात, तो निदान हयात तरी आहे.

भंडाऱ्याच्या वाटेवरील पहारेकऱ्यास ना राजा लाभला, ना मंडळ, ना वही. त्याच्या वाट्यास आले एक देऊळ आणि एक कथा. गेलेली जात परत आणता येत नाही. तथापि वाड्या-वस्त्यांवर, धनगरांच्या वाड्यांवर आणि शेताच्या राखणीवर आजही कामाचे कुत्रे आहेत. वर्षातून एक दिवस एखाद्या बाजारगावी ते एकत्र आणावेत. पशुवैद्याने ते तपासून पिसाळ रोगाची लस टोचावी. उंची, रंग, काम आणि आई-बाप एका वहीत लिहावे. यास राजवाडा लागत नाही. एक मंडप, एक टेबल आणि नेमाने लिहिणारा एक माणूस पुरे.

कुकुरदेवाच्या कथेतील खरे दुःख कुत्र्याच्या मरणात जितके आहे, तितकेच चिठ्ठी उशिरा वाचली गेली यात आहे. भोवतालच्या प्रत्येक कामकरी जनावराच्या गळ्यात अशी एक चिठ्ठी असते. समाधी बांधण्यापूर्वी ती वाचली जावी, एवढेच.